कोरा फळा

आबा, तुमच्यामागे गावच्या शेती सोसायटीच्या भिंतीवरचा फळा तसाच राहिला, आणि तुमच्या जागी आलेल्या क्लार्कनेही पावसाचा अंदाज लिहिणं सोडलं नव्हतं. ते मी बंद केलं. एवढं एक वाक्य लिहायला मला महिना लागला.

सकाळची आपली ओटी आठवते. तुम्ही रेडिओ कानाशी धरून बसलाय, मांडीवर वही. आई गच्चीवर कुरडया घालायच्या घाईत, चीक शिजलाय, हातात सोऱ्या. "अहो, पाऊस हाये का नाय, तेवढं तरी सांगा! चीक गार व्हतोय." तुम्ही वही मिटता, चपला घालता. "फळ्यावर लिहितो. वाच येऊन." आई तणतणत तुमच्या मागोमाग सोसायटीपर्यंत येते आणि वाचून तशीच परत फिरते. गल्ली हसायची. सरकारने सगळ्यांसाठी सांगितलेलं आधी आपल्या घरात सांगायचं नाही, हा तुमचा नियम. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. अक्षर तुम्ही वीतभर काढायचात, कारण मळ्यातल्या काकी तुमच्याच प्रौढ वर्गात वाचायला शिकल्या होत्या आणि एकेक अक्षर लावत वाचायच्या. पाऊस नसेल तर काहीच लिहायचं नाही. फळा कोरा म्हणजे आभाळ मोकळं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी चौथीत असताना एकदा तुमच्या आधी धावत जाऊन पेरूच्या बागवाल्याला अंदाज सांगून टाकला होता. त्याने खूश होऊन दोन पेरू दिले. तुम्ही मारलं नाहीत. हाताला धरून मला परत त्याच्याकडे नेलंत आणि दोन्ही पेरू परत करायला लावलेत, त्यातला एक अर्धा खाल्लेला होता. "आधी फळ्यावर, मग तोंडात," एवढंच म्हणालात. तो उष्टा पेरू हातात घेताना बागवाला इतका ओशाळला की मला रडूच फुटलं.

आणि आता मी नाशिकला अंदाज विकते. पिंपळगावपासून सिन्नरपर्यंतचे द्राक्षवाले आमच्या कंपनीला वर्गणी भरतात, आम्ही त्यांना मोबाईलवर फवारणी कधी करायची, कधी थांबायचं ते कळवतो. काम खोटं नाही, त्यांना उपयोग होतो. पण आमच्या अंदाजाचा पाया सरकारीच, सगळ्यांना फुकट मिळणारा. आम्ही त्यात गावाचं नाव घालतो आणि रंग भरतो. आपल्या गावात वर्गणीदार वाढेनात. साहेब म्हणाले, भिंतीवर फुकट मिळतंय तर आपलं घेईल कोण? मग मीच पुढे झाले. माझं गाव, माझी ओळख. सोसायटीची भिंत कंपनीतर्फे रंगवून दिली, फळ्याच्या वरच्या अर्ध्यात आमची जाहिरात, खालचा अर्धा काळा ठेवला, आणि क्लार्कला सांगितलं की इथे आता फक्त सोसायटीच्या नोटिसा. तो म्हणाला, "ताई, सरकारचंच तर लिव्हतो. कोनाचं काय जातं?" मी म्हणाले, "आमचं जातं." तुमच्या लेकीने, तुमच्या फळ्यासमोर उभं राहून.

चैत्रात गारांचा अंदाज आला. वर्गणीदारांना आम्ही आदल्या दिवशीच कळवलं. काकींकडे साधा फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सवयीने सोसायटीवरून गेल्या, खालचा काळा भाग कोरा बघितला, आणि मळ्यात जाऊन कांदा काढायला बाया घातल्या. दुपारपर्यंत सगळा कांदा उपटून पातीखाली वाळत पडला होता. तिसऱ्या प्रहरी गारा आल्या.

रविवारी मी गेले तेव्हा काकी लिंबाखाली बसून सडका कांदा बाजूला काढत होत्या. वास लांबूनच येत होता. "फळा कोरा व्हता ना गं," त्या म्हणाल्या. "म्या दोनदा पाह्यला. तुझ्या आबानं शिकवलेलं, चुकंल कसं?" मला वाटलं आता त्या मला काहीतरी बोलतील, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण फळ्यावरचा अंदाज मी बंद केलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. निघताना त्यांनी पिशवीभर निवडक कांदे माझ्या हातात दिले. "हे चांगलेत, ने नाशकाला." आणि आबा, मी ते घेतले. लाज वाटत होती तरी घेतले. स्वयंपाकघरात पिशवी तशीच आहे.

क्लार्कला आज फोन करून सांगितलं, उद्यापासून अंदाज लिहा. कंपनीत काय व्हायचं ते होवो. पण त्याने हे फिटत नाही, कारण अजून एक राहिलंय. अंदाज आला त्या सकाळी सगळ्यात आधी मी आईला फोन केला होता. गच्चीवर कुरडया होत्या. गुडघ्यांमुळे ती आता सोसायटीपर्यंत जात नाही. तिने विचारलं, "फळ्यावर आलंय ना? नायतर काकींना निरोप धाडते." मी म्हणाले, "आलंय."

आईच्या कुरडया वाचल्या. फळ्यावर काहीच आलं नव्हतं, हे मी तिला सांगितलेलं नाही, काकींनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्हाला सांगितलं की ते घरातच राहतं.