नंबर बदलायची सोय

जळगाव, मे १९९३

प्रिय भटू,

चोपड्याचं मिटलं आणि धुळ्याचं पक्कं झालं, एवढं काल फोनवर सांगून तू मोकळा झालास. मी तोंड उघडणार तोच एसटीडीचं मीटर पळतंय म्हणून फोन ठेवलास. पत्राला मीटर नसतं, तेव्हा आता नीट वाच. काय मिटलं रे?

आपली वाटणी पहिल्यापासूनची. गिऱ्हाईक तू आणायचं, कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम मी लिहायचा. तारीख दिल्याशिवाय काम मिळत नाही, हे तुझं मला मान्यच आहे. पण चोपड्याच्या केळी सोसायटीच्या चेअरमनना तू आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त कबूल करून आलास आणि मग मला सांगितलंस, म्हणजे लग्न ठरवून नवरीलाच पत्रिका धाडायची. तरी मी म्हटलं, तारीख हलत नसेल तर काम कमी करू. चेअरमनना हवेत ते रंगीत आलेख मागाहून देऊ, आधी यादीतला कापणीचा नंबर, म्हणजे कुणाची पाळी कधी ते, बदलायची सोय करू. जेवढं होईल तेवढं दर आठवड्याला चोपड्याला नेऊ, लोडिंगचे कारकून तोतारामभाऊ वापरून बघतील, अडेल तिथे सुधारू. तू म्हणालास, कच्चा स्वयंपाक कुणी पंगतीत वाढतं का? उद्घाटनाचे पाहुणे आलेख बघणार, नंबर कोण बदलतंय. आलेख करून घेतलेस. तपासायला ठेवलेले दिवसही त्यातच गेले.

नंबर कोण बदलतंय म्हणे! अरे, आपण खेड्यातच वाढलो ना? घरात मयत झाली की सुतक फिटेपर्यंत त्या घरचा कोयता केळीला लागत नाही. त्यांचा नंबर शेजारी घेतो, आपला त्यांना देतो. कारकुनाला तोंडी सांगितलं की झालं. परवा कमलबाईचा सासरा वारला. तिचा नंबर शेजारच्या पुनाभाऊंनी घेतला आणि सकाळीच माल कापून गेटवर आणला. कॉम्प्युटरच्या यादीत नाव मात्र कमलबाईचंच. तोतारामभाऊंनी ते बदलायचा प्रयत्न केला, पण आपण तशी सोयच ठेवली नव्हती. यादीत नाव नसेल तो माल चढवायचा नाही, असा चेअरमनचा हुकूम. ट्रक अर्धा रिकामा गेला आणि पुनाभाऊंचे घड वैशाखाच्या उन्हात गेटपाशी पडून राहिले.

कळल्यावर मी तिथे गेले. पुनाभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "घरमा मयत शे, हाई मशीनले कसं समजी, अक्का? तुले ते समजस ना?"

पण माझं डोकं फिरलं ते त्यानंतर. निघताना कळलं, तोतारामभाऊंना घरी बसवलंय. चेअरमनने तुला विचारलं, तेव्हा तू ऑपरेटरची चूक म्हणून सांगितलंस. हे तुझं मिटलं! ज्या माणसाला चूक करायलासुद्धा आपण जागा ठेवली नाही, त्याच्या गळ्यात चूक बांधताना जीभ अडखळली नाही तुझी? आणि वर तोच माल, तीच घाई, आता दिवाळीचा मुहूर्त देऊन धुळ्याला नेमीचंद शेठच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीला विकायला निघालास. लाज वाटते मला तुझी. लहानपणी तुझ्या खोड्या मीच पदराखाली घालायची, म्हणून तुला वाटलं असेल, अक्का हेही झाकेल.

सोमवारी सोसायटीची सभा आहे, तोतारामभाऊंना काढायचं की ठेवायचं ते तिथे ठरणार. मी जाणार आहे. त्यांचा काही दोष नाही, सोय आपण गाळली, का गाळली, सगळं सांगणार आहे. नेमीचंद शेठही तिथे असतील, कारभार बघायला तूच बोलावलंयस त्यांना. धुळ्याचं काम जाईल. आपलं दुकानही बसेल कदाचित, ठाऊक आहे मला. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. अडवायला येणार असशील तर येऊ नकोस. माझ्याशेजारी बसायला येणार असशील तर सकाळच्या पहिल्या गाडीने ये. तू आलास तर आम्ही चुकलो म्हणेन. नाही आलास तर तुझं नाव घेऊन सांगेन.

तुझीच,
अक्का