डुकरांची शेड दादाला परत

मी, खाली सही करणारी, निवृत्त विषाणू-संशोधक, वय एकाहत्तर. फुप्फुसं थकली आहेत, डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने हे मृत्युपत्र करते. याआधीचं रद्द समजावं.

१. राहतं घर माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. विकलं तरी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघराची खिडकी जोर लावल्याशिवाय बंद होत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

२. सूक्ष्मदर्शक व पुस्तकं माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला. आमच्या निबंधावर स्वतःचं नाव पहिलं टाकणाऱ्या विभागप्रमुखांना माझी कुरकुरणारी खुर्ची द्यावी. त्यांचा तिच्यावर फार डोळा होता.

३. गावाबाहेरची डुकरांची शेड, जमिनीसह. ती माझ्याकडे कशी आली, हे सांगणं भाग आहे. आई-वडिलांमागे दादाने डुकरं पाळून मला शिकवलं. मी प्रयोगशाळेत लागले आणि त्याच वर्षी जुलाबाचा विषाणू शेडमध्ये शिरला. दूधपिती पिल्लं आईला बिलगूनच गेली.

"एवढी शिकलीस, औषध सांग," दादा म्हणाला.

"औषध नाही रे."

त्याने बक्षीसपत्र करून शेड माझ्या नावे केली, दूरच्या शहरात गोदामात कामाला लागला आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

मी उमेदीची सारी वर्षं त्या विषाणूच्या एका इवल्या प्रथिनापाशी काढली. ते पेशीच्या पडद्यात भोक पाडतं. त्यातून आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभारित कण, ये-जा करतात. पेशीची घडी विस्कटते आणि विषाणूचं फावतं. आम्ही ते प्रथिन वगळून विषाणू तयार केला. तो पेशीत शिरला, पण त्याची वाढ खुंटली. पिल्लांना पाजला, तर ती जरा मलूल झाली आणि पुन्हा दुधाला लागली. मी दादाला फोन केला.

"दादा, ते भोक नसलं की विषाणू फारसा वाढत नाही."

त्याने विचारलं, "पिल्लं जगली?"

"जगली."

"जेवलीस का, बारके?"

तेव्हापासून दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो. पण तो आला नाही. शेड बघवणार नाही म्हणतो. आता मला प्रवास झेपत नाही. त्याचा आवाज म्हातारा झालाय, चेहरा मात्र मला तरुणच आठवतो.

शेड व जमीन दादाला परत. ताबा घ्यायला त्याने स्वतः यावं, अशी अट घालणार होते. वकील म्हणाले, "बाई, अट कसली घालता? बोलवा की!"

म्हणून याची एक प्रत आजच त्याला पाठवते. दादा, मी असतानाच ये.

सही: बारकी

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपीकाका
२. माझे डॉक्टर (बाई पूर्ण शुद्धीत आहेत, स्वतः तपासलं)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च