बी नव्हे, एम

आई, तू जाऊन तीस वर्षं होत आली. आज सूसच्या चौकात पुढच्या गाडीची पाटी वाचत उभी होते. आधी राज्याची दोन अक्षरं, मग कचेरीचा आकडा, पुन्हा अक्षरं, शेवटी चार आकडे. एवढी लांब पाटी तुला एका नजरेत पाठ झाली असती, असं मनात आलं आणि घरी येऊन लिहायला बसले.

पौडच्या मोटारस्टँडवर तुझं चहाचं दुकान होतं. शाळेचं तोंड तू पाहिलं नव्हतंस, पण थांबलेल्या प्रत्येक गाडीची पाटी निरखायचीस. तेव्हा मुंबई राज्यातली प्रत्येक पाटी इंग्रजी बीनं सुरू व्हायची; बी म्हणजे तुझ्या भाषेत ‘दोन पोटांची’. आकडे दहा हजाराला टेकायच्या आत संपतात आणि मग आकड्यांच्या आधीचं अक्षर बदलतं, हे एका ड्रायव्हरनं तुला सांगितलं होतं. महाराष्ट्र झाला तेव्हा तोच म्हणाला, “मावशी, आता नव्या गाडीला पहिलं अक्षर एम. जुन्यांची बी तशीच राहणार.” चुलीतला कोळसा घेऊन त्यानं फळकुटावर एम काढून दाखवला. तू हसलीस, “ही तर दोन सुळक्यांची! आपल्या डोंगरावानी.”

पुढच्याच उन्हाळ्यात एका लॉरीनं आमच्या गुरुजींना सायकलसकट उडवलं आणि ती न थांबता पुण्याकडे पळाली. गुरुजींचा पाय मोडला. पाहणारी तू एकटीच. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून तू चौकीत गेलीस. फौजदारांनी लिहायला घेतलं आणि तुला न विचारताच पहिलं अक्षर बी टाकलं.

“त्ये खोडा, सायेब. बी न्हाई.”

“सगळ्या गाड्या बीनंच सुरू होतात. तुला वाचता येतं का?”

“न्हाई येत. काढून दावते.”

हवालदारानं खडू दिला. तू पदर खोचलास, फरशीवर बसलीस आणि सावकाश काढत गेलीस. दोन सुळके, मग आणखी दोन अक्षरं, मग चार आकडे. माझ्या शाळेच्या पाटीवरच्यापेक्षा वळणदार. हवालदार हसायला लागला, पण फौजदार खुर्चीतून उठून वाकून बघत राहिले. मग त्यांनी बी खोडला.

आठवड्यानं पुण्याहून उत्तर आलं. लॉरी नवीकोरी होती, पुढचा दिवा फुटलेला. ड्रायव्हरनं कबुली दिली, मालकानं गुरुजींच्या दवाखान्याचा खर्च उचलला आणि दिवाळीनंतर गुरुजी काठी टेकत वर्गात आले. फौजदार स्वतः दुकानावर आले, तेव्हा सगळा स्टँड गोळा झाला होता. “बाई, तुमचा नंबर अगदी बरोबर निघाला,” ते म्हणाले. आदल्या खेपेची ‘तू’ आता ‘तुम्ही’ झाली होती.

“माझा न्हाई, सायेब. लॉरीचा,” तू म्हणालीस. लोक असे हसले की खुद्द फौजदारांनाही हसू आवरेना. मी तर दिवसभर गावात मिरवत होते, ही माझी आई म्हणून.

पण चौकीत जाताना वाटेत मी तुला काय म्हणाले होते, ते कुणालाच ठाऊक नाही. मी इंग्रजी शिकत होते ना! “आई, बीच असंल. उगं हसं करून घेऊ नगंस,” असं म्हणून मी हात सोडवत होते. तू तो घट्ट धरून ठेवलास. कौतुक सगळ्यांसमोर मिरवलं, माफी मात्र मी कधीच मागितली नाही. हा कागद आता कुठं धाडू?