पायरीवरचं नागरिकत्व

११ फेब्रुवारी, रविवार
चर्चच्या सभागृहात आज कॉफीबरोबर जी गोड पावरोटी मिळाली, तिच्यात वेलची नव्हती. पुन्हा लिहितो: वेलची नव्हती. कॅनडातल्या या थंडर बेमध्ये फिनिश माणसं शंभराहून अधिक वर्षं नांदताहेत, ती काय हा दिवस पाहायला? पावरोटी चर्चमधल्या आमच्या हेल्वीच्या हातची. तिला मी धर्माला आलेली ग्लानी समजावून सांगू लागलो. ती म्हणाली, एन्सिओ, संपली होती वेलची, आणून दे नाहीतर गप खा. गप खाल्ली. दोन.

ग्लानीवरून आठवलं. माझी मुलगी इंकेरी जूनमध्ये बावीस वर्षांची होते. जन्म इथला, आई इथली. फिनलंडचं नागरिकत्व काय ते बापाकडून आलेलं. पण कायदा असा, की परदेशात वाढलेल्या अशा मुलाने बाविशीच्या आत ‘मला हे ठेवायचंय’ असं दूतावासाला स्वतः कळवायचं. नाही कळवलं, तर गेलं. बापाची सही चालत नाही.
संकल्प: शनिवारी तिच्याशी स्पष्ट बोलणे.

१७ फेब्रुवारी, शनिवार
अंगणातलं वाफेचं न्हाणीघर, म्हणजे सौना, तापवला. आधी इंकेरी, मग मी, मग शिरस्त्याप्रमाणे दोघं टॉवेल गुंडाळून बाहेरच्या पायरीवर. अंगातून वाफा निघत होत्या. मी विषयाची मनात जुळवाजुळव करत होतो. ती बर्फाकडे बघत होती. बराच वेळ गेला. मी मान हलवली. तिनेही हलवली.
अत्यंत समाधानकारक चर्चा.

१८ फेब्रुवारी
हेल्वीला सांगितलं, मुलीशी बोलणं झालं. काय म्हणाली? म्हटलं, आमच्यात असं म्हणावं लागत नाही. हेल्वी म्हणाली, सौन्यातला दगडसुद्धा पाणी ओतलं की फुस्स करतो रे, तू तेवढंही नाही.
बाईला मौनाचं शास्त्र ठाऊक नाही. तसं आमच्या घरात बोलण्याचं खातं बायकोकडे, कोलीनकडे होतं. ती गेल्यापासून ते रिकामं आहे. नवी नेमणूक झालेली नाही.

३१ मार्च, ईस्टर
हेल्वीची शंका नको म्हणून दुसरा मार्ग: मातृभूमी पोटातून. राय धान्याची मेम्मी, आमची ईस्टरची खीर, स्वतः शिजवली. दिसायला डांबर, चवीला संस्कृती. इंकेरीने वर भरपूर साय ओतून तीन चमचे खाल्ली. तोंड वाकडं केलं नाही. फारसं.
मग एकदम विचारलं, इसा (बाबाला ती फिनिशमध्येच हाक मारते), फिनलंडमध्ये ऊलूला थंडी किती असते? म्हटलं, पुरेशी.
ओढ जागृत! मेम्मीचा प्रभाव. आता ती आपणहून कळवणार. बापाने बोलून रस घालवू नये.

११ मे, शनिवार
तरीही, सावधगिरी म्हणून, भाषण तयार केलं. उपोद्घात, कायदा, पूर्वजांचं स्मरण, उपसंहार. पायरीवर बसलो. घसा खाकरला. तेवढ्यात तीच म्हणाली, इसा, तुला काही सांगायचंय का?
म्हटलं, सॉसेज करपतंय.
खरोखरच करपत होतं.
नंतर तिनेही काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. डास फार.

८ जून, शनिवार
पाऊस. पायरी ओली. ओल्या पायरीवर राष्ट्रीय प्रश्न काढू नयेत. घरात बसून कॉफी प्यायलो. पुढचा शनिवार आहेच.

१४ जून, शुक्रवार, दुपार
त्या ‘पुढच्या शनिवारी’च तिचा वाढदिवस आहे. म्हणजे उद्या. म्हणजे मुदत आज! हे सकाळी दाढी करताना लक्षात आलं. अर्धी दाढी तशीच ठेवून ती काम करते त्या जनावरांच्या दवाखान्यात धावलो. तिच्या हातात एक मांजर, समोर मांजराची मालकीण. एका दमात सगळं बोललो: कायदा, दूतावास, पूर्वज. उपसंहारासकट. आयुष्यात इतकं सलग बोललो नव्हतो. मालकीण म्हणाली, अहो, आधी मांजर.
इंकेरी म्हणाली, इसा, ते मी एकोणिसाव्या वर्षीच कळवलं. पासपोर्टसुद्धा आलाय.
सांगितलं नाहीस?
तू विचारलं नाहीस.
घरी येऊन उरलेली दाढी केली. विजय, एकंदरीत. मुलगी माझी आहे.

१५ जून, शनिवार
वाढदिवस. हेल्वीने केक पाठवला, वेलची घालून. सौना. पायरी.
इंकेरी म्हणाली, ऊलूला शिकायला जातेय, ऑगस्टमध्ये. प्रवेश मिळाला. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, असा काय बघतोस? फेब्रुवारीत इथेच सांगणार होते. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तू मान हलवलीस. मला वाटलं, तुला कळलं आणि चालतंय.
परत कधी येणार, हे विचारायचं होतं. म्हटलं, लोकरीचे मोजे घे.
ती म्हणाली, घेते.

चोविसाव्या वर्षी मी फिनलंडमधलं आमचं गाव, कौहावा, सोडलं, तेव्हा वडील स्टेशनवर आले, मान हलवली, आणि गाई बघायला परत गेले. त्यांना काही वाटलं नाही, असं मी इतकी वर्षं समजत आलो.

ती फिनिश राहावी, असं मला वाटत होतं. पण इथे राहून. नागरिकत्वाची काळजी मला कधी नव्हतीच. ती गेली की या घरात मी एकटा उरणार, त्याची मला भीती वाटते.