थांबल्यासारखं दिसणारं विमान

मामंजी, त्या सकाळी सडा टाकून, भाकऱ्या भाजून मी राखणीला निघाले होते. ज्वारी भरली होती आणि पाखरं कणसांवर तुटून पडत होती. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, माझ्या लग्नाला एक. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, दाखवायचंही नाही. तुम्हीही काही सांगायचं असलं तर आत्याबाईंना सांगायचात, "तिला म्हणाव, गोफण घेऊन जाय."

शेतातल्या चार खांबी माळ्यावर मी उभी होते, तेवढ्यात हसनाबादच्या अंगानं विमान आलं, बाभळीच्या शेंड्यांना लागेल इतकं खाली. कुणी म्हणे टोळ शोधायला आल्तं, कुणी म्हणे वाट चुकलं. त्याच वेळी बांधावर तुम्ही दिसलात. उतरायचं सोडून मी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि पाठ फिरवून उभी राहिले! तुम्ही मात्र पळाला नाहीत. थांबून वर बघत राहिलात. गोफणीचा धोंडा डावी-उजवीकडं सरकत गेला तर त्याला भ्यायचं न्हाई, एका जागी थांबून नुसता मोठा व्हायला लागला, की मंग तो आपल्यावरच येतो, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत. ते विमान तसंच मोठं होत होतं.

"पोरी, उडी मार! पदर राहू दे, जल्दी!"

मी उडी मारली. विमान वरून घासत पुढं निघून गेलं, माळ्याचं कडब्याचं छप्पर उडालं, ज्वारी आडवी झाली. माझे गुडघे फुटले, तेवढंच.

संध्याकाळी आत्याबाईंनी तुम्हाला सोडलं नाही. "वर्षभर माझ्या तोंडानं बोलले, आन आज एकदम पोरी! विमान रोजच येऊ द्या, मला इसावा मिळंल." तुम्ही मान खाली घालून जेवत होता.

आमचे हे वारल्याला आता सहा वर्षं झाली. लेकाच्या पुस्तकांवरून अक्षरं लावत मी वाचायला शिकले, म्हणून हे लिहिता येतंय. तुम्हीही गेलात, आता हे पत्र टाकायचं कुठं, ते मात्र माहीत नाही. त्या दिवसानंतरचं सगळं आयुष्य मला तुमच्यामुळं मिळालं, यांच्यासोबतचं आणि यांच्यामागचंही. पण खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा रागच आला होता. साऱ्या शिवारादेखत माझा पदर सोडवलात म्हणून.

दुसऱ्या दिवशी तुमची भाकरी घेऊन मी एकटीच शेतात गेले आणि तोंड न झाकता विचारलं, "मामंजी, ते आपल्यावरच येतंय, हे कसं ओळखलं?"