मामांच्या पांढऱ्या गुंड्या

२१ मार्च २०२५, शुक्रवार

गुंड्या मिळाल्या! बिस्किटाचा आख्खा डबा भरून. सगळ्या पांढऱ्याफेक, सदऱ्याच्या, चार भोकांच्या. मामा शाळेचे गणवेश शिवायचे तेव्हाच्या उरलेल्या. मी रीतसर विचारलं, "मामा, ह्या गुंड्या घेऊ का कार्डाला?"

"न्हाय."

घेतल्या.

आता यात माझा काय दोष! दिवाळीत मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात लुळा आणि तोंडात एकच शब्द उरलाय — न्हाय. पाणी देऊ का मामा? न्हाय. आणि तांब्या उचलून गटागटा पितात. भाकरी? न्हाय. दोन खातात. आत्या (माझ्या सासूबाई) म्हणतात, "जलमभर मला न्हाय न्हायच करत आला ह्यो माणूस. सवयीचा शब्द तेवढा टिकला बघ." आणि मग पदर तोंडाला लावून हसतात. हसताना डोळे पुसतात ते मला दिसतं.

कार्डं प्रीती मॅडमनी सांगितलीत. त्या विहारातलं महिला मंडळ चालवतात. भीमजयंतीला भाषणं करणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या सगळ्या बायापोरींना एकेक, हातानं केलेलं. प्रत्येकावर कागदी फूल आणि फुलाच्या मधोमध गुंडी. पण कागद जांभळा, निळा, हिरवा आणि गुंडी पांढरी? कसनुसंच दिसतं. मॅचिंग गुंडी आमच्या लोहाऱ्यात मिळंना. मग आपणच रंगवू की! त्यात काय!

२२ मार्च, शनिवार

त्यात लई काही! नेलपॉलिश लावलं. वाळल्यावर नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला. घरभर वास. आत्या: "डोसकं उठलं माझं, मंजे!"

२४ मार्च, सोमवार

जमलं! जमलं! जमलं!

कापड रंगवायची निळी पुडी आणली, जुन्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात मीठ, थोडं व्हिनेगर, आणि गुंड्या सोडल्या. रटरट शिजवल्या, डाळ शिजवावी तशा. काहींनी रंग घेतला, काही तशाच बोडक्या राहिल्या. ज्यांनी घेतला त्या काय दिसत होत्या म्हणून सांगू!

मामा बाजेवर बसून सगळं बघत होते. गळ्यात मापाचा टेप. हो, टेप अजून लागतोच. पुढच्या खोलीतच त्यांचं शिलाईचं दुकान, त्याचं शटर दिवाळीपासून बंद आहे, पण आंघोळ झाली की गळ्याला हात लावून दाखवतात, आत्या टेप अडकवतात, मगच चहा. मी सहज गंमत म्हणून निळं कार्ड त्यांच्यापुढं पाटावर ठेवलं आणि एक निळी गुंडी फुलावर ठेवली. "बघा, कशी झाली?"

"न्हाय." आणि डाव्या हाताच्या बोटानं अशी टिचकी मारली की गुंडी चुलीपर्यंत! दुसरी ठेवली. "न्हाय." टिचकी. तिसरी. टिचकी. मला राग आला. निळा म्हणजे निळा, अजून किती निळा पाहिजे! चौथी जरा जास्त उकळलेली होती, ती ठेवली.

गप्प.

मामा गप्प! मग बोटानं ती गुंडी हळूच सरकवून फुलाच्या बरोब्बर मध्यावर आणली आणि वरून दाबून धरली. मी कार्ड उजेडात नेलं. कागद कुठं संपतो आणि गुंडी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं.

न्हाय म्हणाले नाहीत! पाच महिन्यांत पहिल्यांदा एखाद्या गोष्टीला न्हाय म्हणाले नाहीत. मी आत्यांना हाका मारल्या, त्या पिठाच्या हातानं पळत आल्या. "काय झालं, काय झालं?" म्हटलं, काय नाही झालं ते विचारा!

२८ मार्च, शुक्रवार

आता सकाळी उठल्यापासून पाट मांडून तयार. मी पातेलं चुलीवर ठेवायच्या आत खाकरतात — चला, उशीर होतोय! ओली गुंडी दाखवली तर बघतसुद्धा नाहीत, मान फिरवतात. वाळली की रंग फिका होतो, मग बघायची. हे मला कळायला दोन पातेली वाया गेली.

आणि न्हाय न्हायमध्ये फरक आहे! इतके दिवस कुणी कान देऊन ऐकलंच नाही. एक न्हाय नुसता तोंडातून पडतो. भाकरीचा, पाण्याचा. त्याला काही अर्थ नाही, आपण "अं" म्हणतो तसा. पण टिचकीबरोबरचा न्हाय वेगळा. तो पोटातून येतो, आखूड, आणि भुवई वर जाते. तो खरा न्हाय.

धम्मपालला जेवताना सांगितलं. माझा नवरा भला माणूस, पण भाजीत मीठ नसलं तरी "चालतंय" म्हणणारा. म्हणाला, "तुला भास होतोय."

भास तर भास. मी खूश आहे.

एक गोष्ट मात्र फक्त इथंच लिहिते. पाटाशेजारी मामांची शिलाई मशीन आहे, गोधडीनं झाकलेली. गुंडी दाखवताना माझं लक्ष सारखं तिकडं जातं. माहेरी तामलवाडीला होते तेव्हा तुळजापूरला जाऊन मी शिवणाचा क्लास केला. ब्लाउज, पंजाबी, सगळं येतं. लग्न होऊन आले, आठवड्यातच मशीनला हात लावला, तर मामा म्हणाले, "सूनबाई, ज्याच्या गळ्यात टेप त्याचीच मशीन." रागावले नाहीत, पण तेवढंच म्हणाले. परत हात लावला नाही मी. पण मन ऐकतंय होय! अजून रात्री स्वप्नात पायडल मारते.

३० मार्च, रविवार

सगळा मूड गेला. सोलापूरहून माझ्या दिरांचा, प्रेमानंद भाऊजींचा फोन. आपल्या दुकानाला गिऱ्हाईक बघितलंय म्हणे, मोबाईल दुरुस्तीवाला. पुढच्या रविवारी येऊन पक्कं करतो. आणि मशीन? "भंगारात न्हाय, कुणाला तरी देऊन टाकू."

फोन स्पीकरवर होता. मामा जागेवर ताठ झाले. "न्हाय!" भुवई वर. पोटातला न्हाय!

मी म्हटलं, "ऐका भाऊजी, मामा नाही म्हणतायत."

तिकडून हसणं. "वहिनी, आप्पा भाकरीलाबी न्हायच म्हणतात."

धम्मपालही हसला. दोन्ही डगरींवर हात! म्हणजे माणूस खरंच नको म्हणत असेल तरी कुणी मानायचंच नाही? ज्या शब्दानं अडवायचं तोच शब्द एवढा स्वस्त झाला, तर माणसानं करायचं काय? लई वाईट वाटलं मला. मामांनी दिवसभर एकाही गुंडीला हात लावला नाही.

२ एप्रिल, बुधवार

दुकान वाचलं पाहिजे. मामांसाठी का माझ्यासाठी, विचारू नये कुणी. दोघांसाठी!

६ एप्रिल, रविवार

आजचा दिवस आख्खा लिहून ठेवणार, हात दुखला तरी चालेल.

सकाळी चुलीवर चहापत्ती उकळत ठेवलेली. एका कार्डाचा कागद मातकट तपकिरी होता, त्याला पुडीतला रंग जुळंना, म्हटलं चहात शिजवून बघू. भाऊजी आले ते थेट स्वयंपाकघरात. "वा! आल्या आल्या चहा!" मी सृष्टीशी, शेजारच्या पोरीशी, दारात बोलत होते. वळून बघते तर भाऊजींनी पातेल्यातला कपात गाळून, नव्हे, नुसता ओतून, मोठ्ठा घोट घेतला होता. तोंड कारल्यासारखं! "वहिनी, दूध न्हाय, साखर न्हाय, आन् ह्ये दाताखाली काय आलं?" हातावर काढलं तर गुंडी!

आत्या भिंतीला टेकून हसत बसल्या. धम्मपाल हसला. आणि मामा — खांदे हलवत, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. भाऊजी आधी चिडले, मग तेही हसायला लागले. बरंच झालं. माणूस हसला की निम्मा वितळतो.

सगळ्यांपुढं चुरमुऱ्यांचा सुशीला ठेवला आणि मी विषय काढला. म्हटलं, "भाऊजी, मामांना विचारायचंच तर आमच्या पद्धतीनं विचारा." हिरवं कार्ड पाटावर मांडलं, मुद्दाम चुकीची गुंडी ठेवली. "न्हाय." टिचकी. बरोबरची ठेवली. गप्प, सरकवली, दाबली. परत केलं. परत तसंच. भाऊजींचा घास हातातच राहिला.

मग डब्यातली कोरी पांढरी गुंडी ठेवली. म्हटलं, "मामा, ही मोबाईलवाल्याची. दुकान द्यायचं त्याला?"

"न्हाय!" अशी टिचकी बसली की गुंडी उडून भाऊजींच्या सुशील्यात!

दुसरी ठेवली. "मशीन देऊन टाकायची?" टिचकी. ही बाजेखाली गेली.

तिसरी ठेवली. "दुकान उघडायचं, मामा?"

न्हाय आला नाही. मामांनी गुंडीवर बोट ठेवलं आणि दाबलं. नख पांढरं पडलं तरी उचलेनात. बाहेर जीपवाला "उमरगा, उमरगा" ओरडत होता. आत्या म्हणाल्या, "बघितलं का रे? तुमचा बाप आत हाय अजून. सगळा हाय." आणि रडल्या. मीपण.

भाऊजी बापाच्या पायाशी जाऊन बसले. वाईट नाहीत हो ते. पण बोलले ते खरंच बोलले: "उघडू, आप्पा. पण शिवणार कोण? तुमचा हात तर…"

मी शिवीन, मी शिवीन, असं आतून ओरडत होते. पण ताटल्या उचलायला लागले. टेप मामांच्या गळ्यात होता ना! मी तोंडानं मागितलं तर एवढं सगळं त्याचसाठी केलं असं वाटलं असतं. मामांनाही वाटलं असतं.

ठरलं असं: महिनाअखेरपर्यंत शिवणारं कुणी मिळालं तर ठीक. नाही तर मोबाईलवाला.

७ एप्रिल, सोमवार

मिळणार कोण! शिकलेली पोरं पुण्याला, न शिकलेली पण पुण्याला.

मामा आज माझ्याकडं लई वेळ बघत होते. कार्डाकडं नाही, माझ्याकडं.

१४ एप्रिल, सोमवार

जय भीम! जय भीम! पाय मोडले, आवाज बसला, पण काय दिवस झाला!

सकाळी विहारात वंदना, मग कार्यक्रम. प्रीती मॅडमनी कार्डं वाटली. बाया कार्ड उघडून बघायच्या आधी गुंडीवरून बोट फिरवत होत्या! एकजण म्हणे, "अगं, छापलीय का शिवलीय?" पांढऱ्या साड्यांच्या रांगेत सगळे रंग असे हलत होते. निळा तर विचारूच नका, मामांचा निळा! तीन वेळा टिचकी खाऊन आलेला निळा!

मॅडमनी माइकवर माझं नाव घेतलं. मी सरळ सांगितलं, "उकळणारी मी. पास करणारे आमचे मामा, व्यंकट मास्तर." टाळ्या! मामा खुर्चीत, नवा सदरा, गळ्यात टेप. जयंतीलासुद्धा! धम्मपालनं काढायचा प्रयत्न केला होता. न्हाय म्हणाले. खरा न्हाय.

रात्री मिरवणुकीत आत्या नाचल्या. मी बघितलं. त्या नाकबूल करतायत.

१६ एप्रिल, बुधवार

दोन बाया घरी आल्या. एकीला ब्लाउजला मॅचिंग गुंड्या पाहिजेत. दिल्या करून. मामांनी दुसऱ्या फेरीत पास केलं. दुसरी म्हणाली, "ब्लाउजबी शिवून देता का?" मी म्हटलं, दुकान बंद आहे बाई.

मामांनी काठी उचलली आणि आतल्या बाजूनं शटरवर धाड धाड मारली. धम्मपाल धावत आला. काठी चालूच. शेवटी त्यानं कुलूप काढून शटर वर केलं. एवढा उजेड आत आला की मशीनवरची गोधडी किती मळलीय ते दिसलं. मी ती काढून धुवायला टाकली. मशीनला हात नाही लावला.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी खुर्ची दुकानात ठेवली, मामा बसले. रस्त्यानं जाणारा जो तो "जय भीम, मास्तर!" मी जमीन झाडत होते. परवाची बाई ब्लाउजपीस घेऊन हजर. म्हणाली, "मास्तर, तुमीच शिवणार न्हवं?"

"न्हाय," मामा म्हणाले.

भुवई वर. पोटातून. मी झाडू घेऊन तशीच उभी. मामांनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं, वाकायला लावलं, आणि स्वतःच्या गळ्यातला टेप काढून माझ्या गळ्यात घातला.