हीटर, जावई आणि माझं नाक

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. डोकं जागेवर असेल तर त्यावर ठेवून घे. तुझा गुडघा कसा आहे? माझा तुझ्याहून वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढच्या पत्रात तू बढाई मारणार नाहीस. भावजयीची साखर आणि तिचा तुझ्यावरचा राग, दोन्ही बेतात आहेत ना? फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागद बिचारा ऐकून घेतो. लिहितेय सूनबाई. मी सांगेन तेवढंच लिहायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, असं तिला बजावलंय. (हेही लिही गं. मान काय हलवतेस, लिही.)

तुझं पत्र पोचलं. कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमध्ये गॅसचा मोठा हीटर बसवतोयस, पाइपची जोडणी तूच करणार, आणि पेटवायच्या दिवशी मी येऊन नुसता वास घ्यायचा, की झालं. ‘ताई, तुझ्या नाकापुढे यंत्र काय करणार!’ हे सूनबाईनं वाचून दाखवलं तेव्हा मला भरून आलं. पण येणं काही जमायचं नाही. गुडघा. शिवाय तसल्याच हीटरनं आमच्या लाँड्रीत काय तमाशा केला तो ऐक, मग तूच म्हणशील, ताई, नको.

हॉटेलांच्या चादरी वाढल्या आणि वाळवणीच्या खोलीतली जुनी शेगडी पुरेना. म्हणून तुझ्या भाच्यानं छताला टांगायचा हीटर आणला. चांगला म्हशीएवढा. कंपनीचा कागद सांगत होता की जोडणी फिटरकडूनच करून घ्या. पण तुझा भाचा कागद वाचतो तो फक्त हीटर कुठल्या बाजूनं उघडायचा हे बघायला. त्यात जावईबापू दोन दिवस राहायला आलेले. त्यांनी एकदा घरचा नळ बदलला होता, तेव्हापासून ते पाइपवाले झालेत. (नळ अजून गळतो. लेकीनं खाली बादली ठेवलीय आणि ती तिथे शोभून दिसते म्हणते.)

दोघं शिडीवर चढले. पाइपच्या आट्यांना गुंडाळायला टेप घेतली ती पाण्याच्या नळाची. कॉक बसवला तो हीटरपासून इतका लांब, की बंद करायचा तर दुसऱ्या खोलीत पळायचं. साखळ्या आखूड पडल्या, तर हीटरचं एक अंग पाइपवरच टेकवलं. मी खाली माझ्या खुर्चीत. ती खुर्ची तुला माहीत आहे: चादर घडीला जाण्याआधी माझ्या नाकाखालून जाते, दमट असली तर परत दोरीवर. बावीस वर्षं त्या खुर्चीवरून माझा शब्द चालतो. मी म्हटलं, पाइप आहे तो, ओझं वाहायला आणलेला हमाल नाही. जावईबापू वरून हसले. जावई हसला की सासूनंही हसायचं असतं, म्हणून हसले.

मग गॅस सोडला. तुझा भाचा म्हणाला, ‘आई, घे वास.’ मी डोळे मिटले, मान वर केली. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. तेवढ्यात जावईबापूंना धीर निघेना. ‘आईंना येत नाही म्हणजे नाहीच. तरी काडी ओढून जोडावरनं फिरवतो, गळत असेल तर कळेल,’ असं म्हणून त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. काडेपेटी, धाकट्या! मी अशी ओरडले, की शेजारचा चांभार हातोडी टाकून उभा राहिला. ‘वास येतोय! कॉक बंद कर! खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर चला!’

बाहेर रस्त्यावर दोघांची वकिली सुरू. आम्हाला कसा नाही आला? आईंना वयामुळे भास होत असतील. सूनबाई मात्र एका शब्दानं वाद न घालता फोन लावून मोकळी झाली आणि तासाभरात फिटरबाई आल्या. ठेंगण्या, कमरेला पान्हे, तोंडात शब्द नाही. त्यांनी पाइपमध्ये हवा भरून दाब मोजायचा काटा लावला. काटा हळूहळू खाली बसला, तसे जावईबापूही पायरीवर बसले. मग ब्रशनं साबणाचं पाणी लावत गेल्या, तर मागच्या कोपऱ्यातल्या जोडावर हे बुडबुडे! (तो जोड कुणी आवळला होता, ते सांगत नाही. घरचं माणूस आहे.)

फिटरबाईंनी सगळं उतरवून नव्यानं केलं. लांब साखळ्या, हाताशी कॉक, कचरा साठायला पाइपाचं एक खाली लोंबतं शेपूट, आणि शेवटी पुन्हा काटा, पुन्हा साबण. आता चादरी दुपारच्या आत वाळतात. आणि माझ्या नाकाचं नाव इतकं झालंय, की काल बेकरीवाला भट्टी दाखवायला बोलवायला आला. मी गुडघा पुढे केला.

तुझी,
ताई

ता. क. पिल्लांना एवढी घाई नसेल. पेटवायचं जरा लांबव.

ता. क. दुसरा. अक्षर बदललेलं दिसलं असेल. हे फिटरबाई लिहितायत, त्या पुन्हा तपासायला आल्यात आणि सूनबाई चादरी पोचवायला गेलीय. धाकट्या, माझं नाक गेलं. हिवाळ्यात सर्दी आली, ती जाताना घेऊन गेली. चादर मी गालाला लावून ओळखते. त्या दिवशी मला कसलाही वास आला नाही, डोळे उघडले तर जावयाच्या हातातली काडेपेटी दिसली. जावयाला ‘गप्प बसा’ म्हणता येत नाही, ‘वास येतोय’ म्हणता येतं. खरंच गळत होतं, हे ऐकल्यापासून अंगावर काटा येतो. तेव्हा माझ्या नाकावर विसंबू नकोस. फिटर बोलव, काटा लाव, साबण लाव, तोवर कॉकला हात लावलास तर बघ. आणि इथे कुणाला बोलू नकोस. नाक नाही म्हटलं, की मी खुर्चीवर बसलेली नुसती म्हातारी.

ता. क. तिसरा. मामा, मी सूनबाई. पाकीट मी उघडलं. कारण सांगत बसत नाही. मनाचं घालू नकोस म्हणाल्या होत्या, एवढं एकदा घालते, त्यांना काही वाचता येणार नाही. नाकाचं मला हिवाळ्यापासून माहीत आहे. दूध करपून घरभर वास सुटला आणि त्या शेगडीशेजारी बसून मला विचारत होत्या, ‘दूध तापलं का गं?’ म्हणून तर त्या दिवशी मी वाद घातला नाही. वास न येणारं माणूस वास येतोय म्हणून ओरडतं, म्हणजे त्यानं नक्की काहीतरी भलतं पाहिलंय. खुर्ची त्यांचीच आहे. गालाचा अंदाज नाकापेक्षा पक्का निघालाय. तुम्ही फिटर बोलवाच. तो येऊन गेला की कळवा, मी आईंना घेऊन येते. वास घ्यायला नाही, पिल्लं बघायला. गुडघा ठणठणीत आहे. काल जिना चढून गच्चीवर गेल्या होत्या.